घोडं कोण सांभाळणार

ब्रोमो ज्वालामुखीच्या पायथ्याशी, वाळूच्या मैदानात घोडी घेऊन उभे राहणारे शंभरेक तरी असतील. पण डोंगराकडे पाठ करून बसणारा एकटा सुमिंतो. जीपच्या तळावरून पर्यटकाला घोड्यावर बसवायचं, राखेतून लगाम धरून चालायचं, विवराच्या पायऱ्यांशी उतरवायचं, आणि मग सारुंगचं पांघरूण खांद्यावर ओढून घोड्याच्या सावलीत बसून राहायचं, हे त्याचं रोजचं काम. वर अडीचशे पायऱ्या. वर गेलेली माणसं नाकाला रुमाल लावून, गंधकाने डोळे लाल करून खाली येतात आणि आपण काय काय पाहिलं ते त्याला सांगतात. सुमिंतो मान डोलावतो. 'तुम्ही नाही का येत वर?' असं कुणी विचारलंच तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "घोडं कोण सांभाळणार?"

या एका उत्तरावर त्याने एकोणीस वर्षं काढली. तेवढ्यात तीन घोडे झाले. पहिला खरोखरच बुजरा होता, तेव्हा उत्तर शोभत तरी होतं. आताचा बेजो म्हणजे आळसाचा पुतळा. मोकळा सोडला तरी उभ्या जागी पेंगणारा. पण उत्तर बदललं नाही. बाकीचे घोडेवाले चेष्टा करायचे, की सुमिंतो घोड्याला नव्या नवरीसारखा जपतो. तो ते हसण्यावारी न्यायचा.

त्याची आणखी एक सवय होती. पायऱ्यांच्या तोंडाशी मिस्तिन छोटंसं दुकान मांडून वाळलेल्या रानफुलांच्या जुड्या विकायला बसते. पर्यटक त्या विकत घेतात, वर जाऊन विवरात टाकतात आणि मनातलं काय ते मागतात. सुमिंतो आपल्या प्रत्येक पर्यटकाला आधी तिच्यापुढे नेऊन उभा करायचा. मिस्तिन त्याची भावजय, धाकट्या रुकेमची विधवा. दीर असावा तर असा, असं गाव म्हणायचं. हे कौतुक कानावर आलं की सुमिंतो मान फिरवून घोड्याचा लगाम उगाच आवळत बसायचा.

कसाडा महिन्याच्या पुनवेला आमचा सगळा तेंगेर मुलूख विवराच्या काठावर लोटतो. शेतात पिकलेलं, घरात वाढलेलं डोंगराला द्यायचं असतं. कोबी, बटाटे, कोंबड्या, कुणाच्या नवसाची शेळी. काठाच्या खाली, आतल्या घसरत्या उतारावर, बांबूला जाळी बांधून माणसं उभी असतात. हातातून सुटलं की ते डोंगराचं, आणि डोंगराने जाळ्यात पडू दिलं की ते जाळंवाल्याचं. यात चोरी नाही की कमीपणा नाही. पण एकदा दिलेलं देणाऱ्याने परत घ्यायचं नाही.

सुमिंतोची लेक सुलिस चार वर्षांची असताना तापाने फणफणली होती. सातव्या दिवशी तिने डोळे फिरवले, तेव्हा सुमिंतो अंगणात येऊन डोंगराला शेळी बोलला. पोर वाचली. पण त्याच वर्षी राख पडून बटाटा करपला, आणि कसाडा आला तेव्हा गोठ्यात एकुलती एक दुभती काळी शेळी उरली होती. नवस बोलताना जीभ सैल सुटते, फेडताना हात आखडतो. सुमिंतोचाही आखडला.

रुकेम दरवर्षी जाळं घेऊन उतरायचा. सुमिंतोने त्याला कोबीच्या शेतात गाठलं आणि बेत सांगितला. मी उभा असेन तिथेच बरोबर खाली तू उभा राहा, मी बेताने सोडतो, नवस फिटेल आणि शेळीही घरी येईल, दूध निम्मं निम्मं. रुकेम पोट धरून हसला होता. "दादा, आता डोंगरालाही टोपी घालणार तू?"

शेळी जाळ्यात पडली, पण पडल्या पडल्या लाथा झाडायला लागली. पायाखालची राख सुटली. आजूबाजूचे ओरडत होते, सोड, जाळं सोड. रुकेमने दोन्ही हातांनी बांबू धरून ठेवला होता. शेळी कशीबशी जाळ्यातून निसटून उतार चढून वर आली, आणि रुकेम धुरात खाली गेला. मातीला द्यायला देहसुद्धा मिळाला नाही.

संध्याकाळी शेळी आपल्या पायांनी गोठ्यात येऊन उभी राहिली.

पुढे ती आठ वर्षं जगली. सुमिंतोने तिला चारा घातला, पण तिच्या दुधाचा थेंब तोंडात घेतला नाही. तिला विकावी तर हात धजेना, कापावी तर त्याहून नाही. गर्दीत कुणाची शेळी कुणाच्या जाळ्यात पडली, हे कुणी विचारलं नाही. पाय घसरला, जाळंवाल्यांचं असं होतं, म्हणून गाव गप्प झालं. सुमिंतोने बायकोलाही सांगितलं नाही. ती चार वर्षांपूर्वी गेली, ते न कळताच गेली.

सुलिस मात्र डोंगराचीच झाली. परदेशी लोकांना विवराच्या काठाकाठाने हिंडवून आणायचं काम ती करते, रोज वर जाते, आणि बाप मात्र खाली बसतो म्हणून त्याला चिडवते. यंदा तिला मुलगा झाला. बाळंतपणात जिवावर बेतलं होतं, तेव्हा पडल्या पडल्या तीही शेळी बोलून बसली.

कसाडाच्या आदल्या संध्याकाळी सगळे चुलीभोवती बसले होते. मिस्तिन दुसऱ्या दिवसासाठी जुड्या बांधत होती. तिचा वांतो, रुकेम गेला तेव्हा पाळण्यात असलेला, आता बापासारखाच रुंद खांद्यांचा झालेला, निखाऱ्यावर मक्याची कणसं भाजत होता. सुलिसने पोराला मांडीवर जोजवत हसत हसत सांगितलं, "शेळीची काळजी नको, बाबा. मी वांतोशी बोलून ठेवलंय. मी सोडते, तो खाली झेलतो. घरची शेळी घरात."

"आजीला मात्र अर्धं दूध हवं हं," वांतो आईकडे बघून म्हणाला. सुलिसच्या पोराची नवी आजी म्हणून तो तिला दोन महिने असाच चिडवत होता.

सुमिंतोच्या हातातला कॉफीचा पेला चुलीच्या कडेवर आपटला. कॉफी राखेत सांडली. तो कुणाकडेच बघेना. बोलावं, तर एकोणीस वर्षं जपलेलं सगळं उघड्यावर येणार. न बोलावं, तर उद्या हा पोरगा त्याच उतारावर, त्याच जागी उभा राहणार.

"वांतो उतरणार नाही," तो म्हणाला.

"का पण? दरवर्षी तर उतरतो."

"दुसऱ्याच्या शेळीला उतरू दे. आपल्या नाही." आणि मग चुलीतल्या राखेकडे बघत त्याने सगळं सांगितलं. काळी शेळी, कोबीचं शेत, निम्मं दूध. शेवटी म्हणाला, "मिस्तिन, तुझा नवरा पाय घसरून गेला नाही. मी त्याला तिथे उभा केला होता."

सुलिसने पोराला छातीशी धरलं. मिस्तिनने हातातली जुडी पुरी बांधली, धागा दातांनी तोडला, आणि मगच बोलली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, भाऊजी. रात्री तुमच्या गोठ्याशी आले होते मी. शेळीच्या शिंगाला त्याच्या जाळ्याचा धागा होता." "परक्याची शेळी असती तर त्याने जाळं सोडलं असतं. तुमची होती म्हणून नाही सोडलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज पर्यटक आणून उभे करत होता. मला फुलं विकायची नव्हती, भाऊजी. तुमच्या तोंडून हे ऐकायचं होतं. रोज वाटायचं, आज सांगतील." तिने डोळे पुसले नाहीत. "उद्या वर चला. सुलिसची शेळी तुम्ही सोडायची."

सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "घोडं..."

"माझ्या दुकानाच्या खांबाला बांधा," मिस्तिन म्हणाली. "एकोणीस वर्षं तो खांब तिथेच आहे."

सकाळी बेजोला खांबाला बांधून सुमिंतो पायऱ्या चढला. मिस्तिन एक पायरी मागे होती. तीही रुकेम गेल्यापासून वर आली नव्हती. वांतो रिकाम्या हातांनी सुलिसजवळ, काठाच्या अलीकडे उभा राहिला. खाली उतारावर परगावचे जाळंवाले होते, एकही ओळखीचा नव्हता. सुमिंतोने शेळीच्या कपाळाला हात लावला, पुटपुटत रुकेमचं नाव घेतलं आणि हात मोकळे केले.

एका किडकिडीत माणसाच्या जाळ्यात ती पडली. तिने लाथा झाडल्या, राख घरंगळली, आणि सुमिंतो काठावरून जिवाच्या आकांताने ओरडला, "सोड, जाळं सोड!" त्या माणसाने बांबू लगेच सोडून दिला. शेळी थोडी घसरली, खडकाला पाय लावून उभी राहिली. मग तो सावकाश तिच्याजवळ गेला आणि तिला खांद्यावर घेऊन वर आला.

काठाशी त्याला एक म्हातारा ढसाढसा रडताना दिसला. त्याला वाटलं, याला शेळीचं वाईट वाटतंय. गरिबाची असेल, असं मनात येऊन तो थांबला. "काका, तुमची आहे का? परत देऊ?"

सुमिंतोने त्याच्या राखेने माखलेल्या हातांना हात लावून पाहिलं. दोन्ही होते, गरम होते.

"नको रे बाबा," तो म्हणाला. "ती तुझी. तू घरी जा."