धर्मांतरित खडक

नववीच्या सहामाही परीक्षेत, भूगोलाच्या पेपरात, मी अगदी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : खडकांचे मुख्य तीन प्रकार आहेत. अग्निजन्य, स्तरित आणि धर्मांतरित.

पेपर तपासून आले त्या दिवशी सरांनी ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचलं. त्यांना मला चिडवायचं नव्हतं, हे मी आज खात्रीनं सांगू शकते. हसू आलं आणि आवरायच्या आत वाक्य तोंडातून गेलं. पण वर्गाला तेवढं पुरे होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, त्या खडकाची दीक्षा कुठी झाली?" दुसरा म्हणाला, "आता त्याचं नवं नाव काय ठेवलं थेही सांगा!" सगळे हसले. मीही हसले, कारण त्या वेळी न हसणं जास्त कठीण होतं. पेपर हातात आला तेव्हा कळलं, चाळीसपैकी सात मार्क. इतिहासाचे मार्क मिळवूनही मी समाजशास्त्रात नापास होते.

ही चूक माझ्या हातून का झाली, ते मला तेव्हाही माहीत होतं. 'रूपांतरित' हा शब्द आमच्या घरात कधी कोणी उच्चारलेला नव्हता. 'धर्मांतर' मात्र रोजचा. माझे आजोबा छप्पन सालच्या धर्मांतराच्या वेळी आठ-नऊ वर्षांचे होते, आणि पुढे जन्मभर ते काळ त्यावरच मोजत. अंगणातला लिंब धर्मांतरानंतरचा. पाटलाच्या मळ्यातली दगडी विहीर धर्मांतराआधीची. तिच्यावर तेव्हा आपल्याला पाणी शेंदू देत नसत. आजोबा गेले तरी त्यांची मोजणी घरात राहिली. त्यात सहामाहीचा अभ्यास नेमका दसऱ्याच्या आसपास आला. विहारातल्या भोंग्यावर दिवसभर भाषणं चालू, आणि मी दारात बसून खडकांचे प्रकार पाठ करत होते. कानातून आलेला शब्द हातातून कागदावर उतरला.

नापास होणं तोवर मला माहीतच नव्हतं. आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवत नसत. नववी ही पहिली खरी भिंत होती, आणि तिच्या पलीकडे माझ्यासाठी एक जागा होती : वाशिमचं मुलींचं वसतिगृह. तिथे राहून दहावी करायची, पुढे कॉलेज. अर्जाला नववी पासची गुणपत्रिका जोडावी लागे. आणि भिंतीच्या अलीकडे पुणे होतं. मामा-मामी तिथे बांधकामावर जायचे, लेकरू लहान होतं, सांभाळायला कोणी नव्हतं. मामीनं फोनवर दोनदा विचारलं होतं. आईनं मला सरळ सांगितलं, "नववी निंगाली त वाशीम. नाई निंगाली त पुणं. मंग रडाचं नाई."

त्या दिवशी घरी येऊन मी मात्र रडलेच. बाबा नुकतेच कामावरून आले होते. ते विहिरी खोदणाऱ्या टोळीत होते. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात मजुरी, आणि सोयाबीन निघाली की उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत विहिरी. त्यांच्या भुवयांवर दगडाची भुकटी असायची, आणि ती धुतली तरी जात नाही असं आम्हाला लहानपणी वाटायचं. मी हुंदके देत सगळं सांगितलं. बाबांनी ऐकलं, आणि तेही हसले.

"तुमीबी?" मी ओरडले.

"अवं थांब पोरी. पुस्तकात काय लिवलं हाय त्या खडकाचं, थे वाच."

मी वाचलं. प्रचंड उष्णता आणि प्रचंड दाब यांमुळे मूळ खडकाचे स्वरूप आणि गुणधर्म बदलतात. बदललेला खडक मूळ खडकापेक्षा अधिक कठीण असतो.

 बाबा आईकडे पाहून म्हणाले, "आयकलं काव? दाब. उष्णता. आन् मंग कठीन झाला." मग माझ्याकडे वळून, "तुह्या आज्याले काय कमी दाब होता? बरोबरच लिवलं तुनं."

"मार्क नाई भेटले पण," मी म्हणाले.

आई चुलीपुढून म्हणाली, "पेपरात पुस्तकातला शब्द लिव. घरी तुह्या बापाचा बोल. दोनीबी ध्यानात ठेव, म्हनजे झालं."

माझ्या पुढच्या सगळ्या शिक्षणाचा नियम आईनं त्या एका वाक्यात सांगून टाकला होता. ती स्वतः चौथी शिकलेली. बाबा शाळेत गेलेच नव्हते.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी डब्याच्या पिशवीतून मुरमाचं ढेकूळ आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "हे काय हाय?"

"मुरूम."

"पुस्तकात काय म्हनते याले?"

मला सांगता आलं नाही. आईनं पुस्तक घेतलं. एकेक अक्षर जोडत, बोट सरकवत तिनं पान धुंडाळलं आणि वाचलं, "वि-दा-रन. खडक फुटने... कमजोर होने." खडक उन्हानं तापतो, थंडीनं आखडतो, पाण्यानं झिजतो आणि ठिसूळ होतो. म्हणजे मुरूम हा विदारण झालेला खडकच. हातात धरलेली ती व्याख्या मी पुन्हा कधी विसरले नाही.

तेव्हापासून आमची तशी पद्धतच पडली. विहीर जसजशी खाली जाई, तसतसा एकेक थर आमच्या घरी येई. वरची काळी माती, मग मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा ठिसूळ दगड, ज्याला बाबांची टोळी मांजऱ्या म्हणे. त्याखाली काळा पाषाण, ज्याला सुरुंगाशिवाय हात लावता येत नाही. आईनं भिंतीला लागून ते सगळे क्रमानं मांडले. रोज सकाळी, बाबा निघायच्या आधी, चहा उकळेपर्यंत उजळणी. बाबा एक दगड उचलत, मी आधी त्यांचा शब्द सांगे, मग पुस्तकातला, मग तो कसा तयार झाला ते. आई पुस्तकात बोट ठेवून तपासे.

"काळा पाषान?"

"बेसाल्ट. अग्निजन्य. लाव्हारस थंड होऊन तयार झाला."

"लाव्हारस म्हनजे?"

"जमिनीच्या पोटातला वितळलेला खडक, बाबा."

"मंग आपन ज्याच्यावर बसून चा पेऊन राह्यलो, थे सारं कधीकाळी पातळ होतं म्हनतं?"

"हो."

"हे काई मी यारीवाल्याले सांगत नाई," बाबा म्हणाले. "थो म्हनन, याले ऊन लागलं." यारी म्हणजे विहिरीतला दगड वर ओढायचं यंत्र, आणि ते चालवणारा माणूस कशावरही विश्वास ठेवत नसे. पण बाबांनी त्याला सांगितलंच असणार, कारण आठवड्याभरात टोळीतले लोक मला 'लाव्हाबाई' म्हणू लागले.

संक्रांतीनंतर एक दिवस बाबांनी लाल दगड आणला. दगड म्हणावा तर मऊ, माती म्हणावी तर घट्ट. आई खुश झाली. दाराभोवती पट्टा ओढायला गेरू आयताच मिळाला. बाबा म्हणाले, "काळ्या पाषानाच्या खाली हा लाल पट्टा लागला. याच्या खाली परत काळाच दगड हाय. पाह्य तुह्या पुस्तकात हे कोनतं."

मी पाहिलं. आईनंही पाहिलं. पुस्तकात कुठेच नव्हतं.

मी तो तुकडा दप्तरात घालून शाळेत नेला. सहामाहीनंतर मी सरांपुढे मान वर केली नव्हती. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीबाहेर बराच वेळ घुटमळले, आणि शेवटी आत जाऊन टेबलावर दगड ठेवला. "सर, हा दोन काळ्या खडकांच्या मधात लागते. हा कोणत्या प्रकारात येते?"

सरांनी तो हातात घेऊन नखानं खरवडला. "कोणी दिला हा?"

"माझे बाबा विहिरीवर आहेत."

"मला नक्की सांगता येत नाही," सर म्हणाले. शिक्षकाच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. "विहीर पाहता येईल का?"

रविवारी सर मोटरसायकलवर आले. विहिरीचं शेत इंझोरी गावाच्या रस्त्याला लागून होतं. सर विहिरीच्या काठाशी जपून उभे राहिले आणि खाली वाकून पाहू लागले. चाळीस फूट खाली बाबा होते. त्यांनी वर पाहून रामराम घातला नाही, 'जय भीम' घातला, आणि सरांनीही तोच परत दिला. मग बाबा पहारीच्या टोकानं भिंतीतले थर दाखवत ओरडून सांगू लागले. "हे मुरूम, सर! हे मांजऱ्या! इथून हे काळं! आन् हा पाहा लाल पट्टा. पानी भेटते थे याच्यावरच भेटते, हे आमचं ठरलेलं हाय!"

"काहून, भाऊ?" सरांनी वरून विचारलं.

"भाजलेल्या मातीवानी हाय हे, सर. चुलीखालची माती कशी लाल होते, तशी. पानी खाली उतरू देत नाई!"

सर सरळ उभे राहिले. मी त्यांचा चेहरा पाहत होते. ते मला म्हणाले, "लाव्हा एकदाच आला नाही. एक थर आला, थंड झाला. फार मोठा काळ गेला, त्यावर माती झाली. मग दुसरा लाव्हा आला आणि त्या मातीवरून वाहत गेला. तुझे बाबा म्हणतात तशी ती माती भाजली. पुस्तकातला रूपांतरित खडक म्हणजे संगमरवर, स्लेट. तो आपल्याकडे नाही. पण उष्णतेनं रूप बदलणं म्हणजे काय, ते पाहायचं तर हे पाहा."

मग खिशातून वही काढून त्यांनी थरांची नावं लिहून घेतली. बाबांची नावं, बाबांच्या क्रमानं. चाळीस फूट खालून माझा बाप सांगत होता आणि माझे सर लिहून घेत होते. निघताना गाडीला किक मारण्याआधी ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुझा पेपर वर्गात वाचायला नको होता."  मी म्हणाले, "सर, चूक होतीच ना." "चूक होती," सर म्हणाले, "पण हसण्यासारखी नव्हती."

सोमवारी वर्गात त्यांनी फळ्यावर विहिरीचा उभा छेद काढला आणि शेजारी दोन रकाने केले : आपला शब्द, पुस्तकातला शब्द. मागच्या बाकावरचे तेच दोघं आपापल्या शेतातले शब्द सांगायला उठून उभे राहिले. एकानं खारवट, चिकट जमिनीचं चोपण सांगितलं, दुसऱ्यानं हलक्या, खडकाळ जमिनीचं बरड. 'दीक्षा' विचारणाऱ्यानं माझी वही उतरवून घ्यायला मागितली. मी दिली. पण आधी त्याला खडकांचे तीन प्रकार म्हणायला लावले.

वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होती. पत्रे तापलेले, पंखा एकच. भूगोलाचा पेपर हातात आला आणि पहिल्याच पानावर दिसलं : खडकांचे प्रकार उदाहरणांसह लिहा. अग्निजन्य लिहिलं. स्तरित लिहिलं. तिसऱ्याला पेन टेकवलं आणि हातानं आपोआप 'ध' काढला.

मी थांबले. आईचं वाक्य आठवलं. त्या 'ध'वर एक सरळ रेघ मारली आणि पुढे लिहिलं, रूपांतरित. त्यानंतर पेन थांबलं नाही. विदारणाला मुरमाचं उदाहरण दिलं, बेसाल्टला आमच्या विहिरीचं. आकृती मागितली नव्हती तरी विहिरीचा छेद काढला आणि लाल पट्टा पेन्सिलीनं गडद केला. दोन तासांत मला एकदाही वर बघावं लागलं नाही.

एक मेला झेंडावंदन झाल्यावर निकाल दिले. गुणपत्रिका घेऊन मी घरी गेलेच नाही. सरळ शेताकडे पळाले. विहीर आता पन्नास फुटांच्या पुढे गेली होती, लाल पट्ट्यावरून झिरपलेलं पाणी तळाला साचलं होतं, आणि त्या पाण्यात बाबा गुडघाभर उभे राहून गाळ भरत होते. यारीवाल्यानं मला पाहून यंत्र बंद केलं. "काय झालं लाव्हाबाई?"

मी काठावर पोटावर झोपले आणि खाली ओरडले, "बाबाऽऽ! पास झाले!"

विहिरीनं ते दोनदा म्हटलं. खालची सगळी माणसं थांबली.

"सारे इषय?"

"सारे!"

"आन् भूगोल?"

"चाळीसपैकी पस्तीस!"

खाली एकच गलका उडाला. कोणीतरी पाण्यात फावडं आपटलं. बाबांनी मात्र हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. दगडाच्या भुकटीनं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून, पन्नास फुटांवरून, गंभीर आवाजात त्यांनी विचारलं, "कोनता खडक लिवला?"

"रूपांतरित!"

"आन् घरी?"

मी जीव खाऊन ओरडले, "धर्मांतरित!"

बाबा इतके हसले की त्यांना भिंतीला हात टेकावा लागला. नेमका त्या लाल पट्ट्याच्या खाली. मग त्यांनी यारीवाल्याला हाक दिली, "सोड रे बादली खाली, मले वर घे. पोरीचा वाशीमचा अर्ज भराचा हाय."