माळावरचा शेंदूर

द्रौपदाबाईच्या जिभेला धार होती, ती माणसांपुरती. साक्रीजवळच्या खडकाळ माळावर बकऱ्या चारताना चंडोलाचं घरटं दिसलं, की ती भोवती धोंडे मांडून ठेवी. बकरीचा खूर पडू नये म्हणून. ही तिच्या आईची रीत. घरी मात्र सून रत्नाचा दुसऱ्यांदा गर्भ गेला, तेव्हा म्हातारी म्हणाली होती, "बकरीले जमस, ते तुले जमस नई."

यंदा माळावर पवनचक्क्यांसाठी रस्ता निघाला. चुन्याची रेघ नेमकी घरट्यावरून गेली. गवताच्या बुडाशी, ओंजळभर खळग्यात, ठिपक्यांची अंडी. तिनं जेसीबीवाल्या हितेंद्रला हात जोडले. तो हसला. "अक्का, पाखरूसाठे रस्ता वाकडा करू? साहेब मालेच खड्डामा गाडी टाकी."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिनं घरट्यालगतचा मोठा धोंडा शेंदरानं माखला. मशीन आलं, थांबलं. हितेंद्रनं खाली उतरून चप्पल काढली. "देवले हात कोन लावी, बाप्पा!" रस्ता बाजूनं वळला. द्रौपदाबाई पदराआड हसली.

पण देव एकटा थोडाच राहतो! रस्त्यावरच्या मजूर बायांनी नारळ फोडला. शनिवारी गावातून तेल आलं, उदबत्त्या आल्या. चंडोल वर घिरट्या घालत ओरडत राही; खाली उतरायची सोय नाही. द्रौपदाबाई बायांवर खेकसली, "दूरथून पाया पडा, कडक देव शे!" कडक म्हटल्यावर गर्दी वाढलीच.

एका सकाळी मात्र माळावर कुणी नव्हतं. चंडोल नुकता घरट्यावर बसला होता. तेवढ्यात रत्ना आली. डोक्यावर पदर, हातात नारळ. पाखरू भर्रकन उडालं. सासूला पाहून रत्ना दचकली, मग धीर करून म्हणाली, "आत्या, रस्तावरनी लताबाई सांगे, हाऊ देव पोर देस. तुमीबी मन्हासाठे एक शबुद टाका ना."

"मागे सर" हे शब्द द्रौपदाबाईच्या ओठांवर आले. पण मागे का, ते सांगावं लागलं असतं; आणि ते सांगायचं, तर देव खोटा हेही. लग्न होऊन आल्यापासून रत्नानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. म्हातारी बाजूला सरली. रत्नानं गुडघे टेकले. गवत चुरलं, खाली काहीतरी बारीक फुटलं. रत्नाला वाटलं, काडी मोडली.

"काय म्हनू, आत्या?"

"पोर दे, म्हन," द्रौपदाबाई म्हणाली. आणि सुनेचे डोळे मिटलेले आहेत तोवर, तिच्या साडीला लागलेला पिवळा ओघळ ती आपल्या पदरानं पुसू लागली.