खारूताईचा खडू

तुम्ही कधी स्वतःचा घाम चाखून पाहिलाय का? नाक मुरडू नका. एका बाईने तो भर कामाच्या वेळी, बारा जणांसमोर चाखला आणि एका माणसाची रोजीरोटी वाचवली.

शिवणकारखान्यात ती इस्त्रीच्या टेबलावर होती. सगळे तिला खारूताई म्हणायचे, आणि कारण उघड होतं: सदानकदा तोंड चालू. टेबलाखाली खाऱ्या दाण्यांचा डबा, आणि प्रत्येक खाण्याआधी एक गोळी. "पित्ताची," ती सांगायची. खोकला यायचा, तो "धुळीचा".

नाव मात्र आईने ठेवलेलं. तान्ही असताना आईने कपाळाचा मुका घेतला नि म्हणाली, "अगंबाई, ही तर खारट." डॉक्टरांनी ते ऐकलं, घामाची तपासणी झाली आणि सिस्टिक फायब्रोसिस हा शब्द घरात राहायला आला. जन्माचा आजार, कुणाला लागत नाही. फुप्फुसातला कफ चिकट होऊन बसतो, खाल्लेलं गोळीशिवाय अंगी लागत नाही आणि घामावाटे मीठ वाहून जातं. त्या खारटवरून आई तिला 'खारू' म्हणायची. तिने एकदा फाटकातून तशी हाक मारली आणि नाव कारखान्यालाही चिकटलं. कारखाना समजला, खार म्हणजे शेपटीवाली.

डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, "तुझी तहान आळशी आहे. पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून तिला वेळेवर जाग येत नाही. तिच्या हाकेची वाट बघू नकोस. पाणी आणि ठरवून दिलेलं मीठ घड्याळाकडे बघून घे." तहान आळशी कशी असेल, याचं तिला भारी नवल वाटायचं. ती वाफेत उभी राहून तहानेची वाट बघायची. पायात गोळे आधी यायचे, तहान मागून जांभया देत.

मग पीत का नव्हती? कारण प्यायलं की जावं लागतं, आणि संडासाची किल्ली असायची सुपरवायझरच्या खिशात. किल्लीला हातभर लाकडी ठोकळा. मागायला गेलं की तो सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा विचारायचा, "आत्ताच तर गेली होतीस ना?" मशीनवरच्या बायका म्हणायच्या, आपण उंटाच्या माहेरच्या. भरलेल्या बाटल्या भरलेल्याच घरी जायच्या. जिने सगळ्यांत जास्त प्यायला हवं, ती सगळ्यांत कमी पीत होती.

एके दिवशी गडद निळ्या पँटींचा गठ्ठा परत आला. प्रत्येकीवर पांढरे डाग. सुपरवायझरने तो कटिंगमास्तरांच्या टेबलावर आपटला.

"मास्तर, खडू झटकायचं विसरता, की डोळे गेले?"

"माझा खडू पिवळा असतो. पांढऱ्याला मी हात लावत नाही."

"मग काय भूत येऊन मापं घेतं? उद्यापासून कात्रीला दुसरा माणूस बघतो."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

खारूताईने एक पँट ओढून घेतली. तिला राहवेना. खडू असता तर झटकल्यावर उडाला असता, हा उडेना. ओलं बोट फिरवलं, तर गायब. आणि डाग कुठे? सगळ्या पँटींवर एकाच जागी, शिवणीच्या उजवीकडे, इस्त्री दाबताना तिचं कोपर टेकतं तिथे. तिने स्वतःची काळी बाही बघितली. नकाशातल्या किनाऱ्यासारखी पांढरी रेघ. बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. आधीच्या कामावर 'फुप्फुस' हा शब्द तोंडातून गेला आणि आठवड्यात तिला दार दाखवलं होतं. म्हणून तर इथे दोन वर्षं पित्त आणि धूळ.

"मास्तरांचा खडू नाही," ती म्हणाली. "माझं मीठ आहे."

आणि सगळं सांगितलं. एकीने स्टूल हळूच मागे घेतलं. "लागतं का गं?"

"जन्माबरोबर मिळालंय. तुला द्यायचं म्हटलं तरी देता यायचं नाही."

सुपरवायझरने डोकं लढवलं. "मग पाणी कमी पी. पाणी कमी, घाम कमी."

"साहेब," मास्तर म्हणाले, "इस्त्रीतलं पाणी संपलं की ती थंड होते, की कापड जाळते?"

बारा मशिनं थांबली होती. मास्तरांनी हात पुढे केला. "ठोकळा द्या." सुपरवायझरने इकडेतिकडे पाहिलं. एकही पाय पेडलवर नव्हता. त्याने ठोकळा दिला. मास्तरांनी आपली कात्री खिळ्यावरून काढली आणि तिथे किल्ली टांगली.

मग उरलेल्या सुती कापडाच्या दोन बाह्या कापून तिच्यापुढे टाकल्या. "घाल. तुझं मीठ तुझ्यापाशी ठेव."

तिची तहान अजून आळशीच आहे. पण आता तासातासाला कुणीतरी ओरडतं, "खारूताई, पाणी," आणि ओरडणारीही स्वतःची बाटली उघडते.

आता तुमच्याकडे एकच मागणं. उद्या कामावर गेलात की बघा, संडासाची किल्ली कुणाच्या खिशात आहे. खिशात असेल तर मागून घ्या आणि खिळ्याला टांगा.