आत्याविरुद्धचं पिवळं पत्रक

माझ्या सख्ख्या आत्याविरुद्ध मी एकदा पत्रक काढलं होतं. शंभर प्रती, पिवळा कागद.

शनवारा चौकाजवळच्या आमच्या घराला पप्पांना तारेचं कुंपण हवं होतं. मी पत्रकं वाचत वाढलेली (घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पप्पांच्या युनियनची पत्रकं मात्र पेटीभर होती). मी म्हटलं, "तार माणसाला अडवते. आपण अंजिराचं कुंपण लावू. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तोडून खावं." वीस कलमं लावली आणि जाहीर केलं, की या झाडांना कधीही लोखंड लागणार नाही.

झाडांनी ते फारच मनावर घेतलं. दोन वर्षांत कुंपण खिडक्यांच्या वर गेलं, पानं ताटाएवढी झाली, दूधवाला घर न दिसल्यानं पुढे जाऊ लागला. अंजीर मात्र एकही नाही.

"फळ कधी येणार गं?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"निसर्गाला घाई नसते, काकू."

"डासांना आहे ना."

जूनमध्ये जसोंडीहून आत्या आली. पप्पांची मोठी बहीण, सगळं आयुष्य केळीच्या बागेत गेलेलं. मी एका सभेला गेले होते. परतले तर कुंपणाच्या जागी गुडघ्याएवढे वीस खुंट, आणि आत्या नळाखाली कोयता धूत होती.

"आत्या, हे काय केलं?"

"छाटलं. नुसतं पानाचं जंगल होऊन राहिलं होतं. आता पाह्य कसं फुटते."

"ही हत्या आहे."

"बरं. चहा ठेव."

मी चहा ठेवला नाही. पत्रक लिहिलं. शीर्षक, 'कोयत्याची सत्ता'. शेवटची ओळ, 'या हातांना झाडं कधीही माफ करणार नाहीत.' नाव घालायचं नाही हे माझं तत्त्व, म्हणून फक्त 'जसोंडीच्या एक केळीवाल्या बाई, आमच्या पप्पांच्या भगिनी' एवढंच लिहिलं. सगळ्या प्रती शनवाऱ्यावर वाटल्या. जसोंडीचे लोक तिथूनच बसमध्ये चढतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

राखीला आत्या आली नाही. असं कधीच झालं नव्हतं. पप्पा नवा शर्ट घालून सकाळपासून फाटकाशी बसले होते.

"तिचा फोन लागून नाही राहिला," ते म्हणाले.

त्यांच्या रिकाम्या मनगटाकडे बघवेना, म्हणून मी खुंटांकडे बघितलं. तिथे छातीएवढे फुटवे आले होते, आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या बगलेत एकेक हिरवं अंजीर बसलेलं. तिकडेही बघवेना.

भाऊबीजेला पप्पा जसोंडीला निघाले. मला एवढंच म्हणाले, "टोपली तू धर." टोपली पिकल्या अंजिरांनी भरलेली होती.

आत्यानं पप्पांना ओवाळलं. मग मला सगळ्या घरासमोर बसवलं आणि गादीखालून पिवळा कागद काढला.

"वाच."

"आत्या, राहू दे ना."

"पूर्ण बसनं वाचलं माझ्यासमोर. लिहिलं तू, आता वाच बी तूच. जोरात."

मी वाचलं. शेवटची ओळ भरभर उरकली. आत्यानं एक अंजीर फोडून शांतपणे खाल्लं.

"झाडांनी तर माफ केलं, पोरी. तुझं काय म्हणणं?"

"चुकलं, आत्या."

"मग हे बी छापून वाट. शंभर. पिवळ्याच कागदावर."

मी छापलं. जसोंडीच्या बसमध्ये सीटसीटवर जाऊन, मान खाली घालून वाटलं. कंडक्टरनं एक प्रत मन लावून वाचली आणि मला परत दिली.

"दीदी, पहलेवाला ज्यादा जोरदार था."