उंची सांगणारं घड्याळ

दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल. मी शाळेत भूगोल शिकवत होते आणि रविवारी आम्ही चार-पाच शिक्षक मिळून त्र्यंबककडचे डोंगर चढायला जायचो. वर पोचलो की एकच वाद व्हायचा : आपण नक्की किती चढलो? गणिताचे सर एक आकडा सांगायचे, मी नकाशा पाहून दुसरा. वर्षानुवर्षं मी मुलांकडून शिखरांच्या उंच्या पाठ करून घेत होते, पण स्वतः कधी एका टेकाडाचीही उंची मोजली नव्हती. हे एकदा लक्षात आलं आणि मग डोक्यातून जाईना.

कुणीतरी सांगितलं की आता मनगटावरचं घड्याळच उंची सांगतं. मी नाशिकच्या मेन रोडवरच्या ओळखीच्या घड्याळवाल्यांकडे गेले. त्यांच्या मुलीला मी शिकवलं होतं, म्हणून तेही मला बाईच म्हणत.

त्यांनी सवयीने सोनेरी पट्ट्याची, लेडीज घड्याळं काढली.

"तशी नकोत, काका. उंची मोजणारं हवंय."

"कोणाची उंची?"

"डोंगराची."

मग आतल्या कपाटातून त्यांनी दोन खोकी आणली. त्यांच्या भाच्याने परदेशातून हौसेने आणलेली दोन काळी, जाडजूड घड्याळं. दोन्हींत उंची, हवेचा दाब, तापमान आणि होकायंत्र. एकासोबत छातीला बांधायचा पट्टाही होता, तो हृदयाचे ठोके मोजायचा. "वर्ष झालं, कुणी हात लावला नाही," काका म्हणाले. "मलाही यातलं वेळेपलीकडे काही कळत नाही."

आम्ही माहितीपुस्तिका उघडली. अक्षरं मुंगीएवढी. काकांनी दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक वाक्य वाचायला लागले. मी अर्थ लावत गेले. एक घड्याळ म्हणे दुकानाची उंची सहाशेच्या वर, दुसरं पाचशेच्याही खाली.

"यातलं खरं कोण?" काकांनी विचारलं.

पुस्तिकेत लिहिलं होतं की माहीत असलेल्या उंचीच्या जागी नेऊन घड्याळ आधी जुळवून घ्यावं. पण शहरात अशी जागा कुठली? विचार करताना मला नाशिक रोड स्टेशनची पिवळी पाटी आठवली. गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मी ती कितीदा पाहिली होती, पण उपयोगाची म्हणून कधीच नाही.

मला वाटलं होतं, काका घड्याळं माझ्याकडे देतील. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच स्कूटर घेऊन स्टेशनवर हजर. दोन प्लॅटफॉर्म तिकिटं काढून आम्ही फलाटाच्या टोकाला गेलो आणि पाटीखाली उभं राहून बटणं दाबत बसलो. एक हमाल थांबून म्हणाला, "काय बिघडलंय का?"

"नाही, नाही, उंची लावतोय," काकांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. तो मान हलवून पुढे गेला.

मला शाळा होती, म्हणून घड्याळं काकांकडेच राहिली. दुपारी चारच्या सुमारास शाळेच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला.

"बाई, दुकान वर गेलं."

"म्हणजे?"

"सकाळी काउंटरवर ठेवली तेव्हा दोन्ही एकच आकडा दाखवत होती. आता दोन्ही सव्वीस मीटर वर सांगतात. मी जागचा हललो नाही, घड्याळंही हलली नाहीत."

क्षणभर मलाही उमगेना. मग कळलं. घड्याळाला उंची कळतच नाही. त्याला फक्त हवेचा दाब कळतो. वर गेलं की दाब कमी होतो, म्हणून दाब कमी झाला की त्याला वाटतं आपण वर आलो. दुपारी हवेचा दाब उतरतो आणि रात्री पुन्हा चढतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. ते खरोखर घडतं, रोज, मेन रोडवरच्या एका काउंटरवरही, हे मला त्या फोनवर कळलं.

पुढचे आठ दिवस काकांनी वहीच ठेवली. दर दोन तासांनी आकडा. संध्याकाळी मी इंदिरानगरला घरी जाताना दुकानात डोकावायचे आणि ते आनंदाने सांगायचे, "आज बाई, चोवीसच चढलं."

शेवटी निवड करायची वेळ आली. दोन्ही सारखीच चुकत होती, म्हणजे दोन्ही सारखीच खरी होती. ठोक्यांचा पट्टा मला नको होता. दुसऱ्यात एक सोय होती : एक बटण दाबलं की उंची शून्य व्हायची आणि तिथून पुढचा फरक मोजता यायचा. मी ते घेतलं. माझ्या मनगटावर ते वाटीएवढं दिसायचं.

पुढच्या रविवारी त्र्यंबककडचा एक गड उतरून आम्ही पायथ्याच्या पाड्यावरच्या विहिरीशी थांबलो. एक बाई पाणी शेंदत होती. तिशीची असेल. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "केवढं घड्याळ, ताई! दिसाया कमी येतं का?"

मी हसले. "हे उंची सांगतं. आपण किती चढलो ते."

"मंग हिरीपासून माझं घर किती वर हाय, ते सांगंल?"

मी तिथेच शून्य केलं. तिने डोक्यावर दोन हंडे चढवले आणि मी मोकळ्या हाताने तिच्या मागून निघाले. निम्म्या वाटेत मला धाप लागली. ती बोलत होती. अंगणात पोचलो तेव्हा घड्याळात अठ्ठावन्न मीटर होते.

"दिवसाला किती खेपा?"

"सकाळी चार, सांजंला दोन."

मी हिशेब सांगितला : साडेतीनशे मीटर. सकाळी आम्ही गड चढलो तो याहून फार जास्त नव्हता.

"म्हंजे मी रोज गडावर जाते?" तिने हंडे उतरवत विचारलं. आणि जोरात हसून शेजारणीला हाक मारली, "ऐकलं का गं!"

मग ती एकदम गंभीर झाली. तिची धाकटी बहीण पलीकडच्या पाड्यावर दिलेली होती आणि आमची हीर तुमच्याहून खोल उतारावर आहे, असं नेहमी ऐकवायची. हिला ते मान्य नव्हतं. "तिची मोजाल का?"

त्या दिवशी उशीर झाला होता. महिन्याभराने गेलो तेव्हा ती आमच्यासोबत पलीकडे आली. बहिणीच्या विहिरीवर मी शून्य केलं आणि आम्ही तिघी चढलो. अंगणात आकडा आला एकाहत्तर.

बहीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. थोरलीचा चेहरा उतरला.

"यात चूक होती का कधी, ताई?"

"दोन-तीन मीटरची होते."

"मंग परत मोजा."

आम्ही परत उतरलो, परत चढलो. एकोणसत्तर.

"बघ," ती बहिणीला म्हणाली, "दोन कमी झाले." आणि तिने अंगणातला बहिणीचा रिकामा हंडा उचलला आणि तिची एक खेप करायला पुन्हा विहिरीकडे निघाली.