सीताफळाच्या पाल्यात लिंब

धारूरच्या डोंगरात सीताफळाला तोटा नाही. त्याच्या पानांच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात का, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः पानं तोडली, धुतली आणि घरी मधल्या खोलीत जुन्या लुगड्यांवर पसरली. ऊन लागू द्यायचं नाही, एवढं आईला बजावून विद्यापीठात परतले. तिने रोज पाला खालीवर केला आणि वाळल्यावर पोत्यात भरून पाठवला.

पेशी वाढवायची सोय आमच्याकडे नाही. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत कसाबसा नंबर लागला होता. अर्क काढायला पोतं उघडलं, तर पाल्याचा चुरा आणि त्यात बारीक काड्या. हुंगून पाहिलं. कडुलिंब!

तसाच फोन लावला. "आई, ह्यात लिंबाचा पाला कुणी घातला?"

"मीच. ज्वारीत घालत न्हाई का आपन? कीड लागली आसती मंजी?"

"आन चुरला कावून?"

"पोत्यात मावंना."

"आगं, आता लिंब कुठलं आन सीताफळ कुठलं, कसं कळावं?"

"कळून काय करायचंय? लिंबबी औशिदच हाय की. दोगं मिळून मारतेल!"

मी कपाळाला हात लावला. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पेशी मेल्या तर प्रबंधात काय लिहिणार? सीताफळाने मेल्या, लिंबाने मेल्या, की तुझ्या आईने मारल्या?"

नवी पानं आणावीत, तर डोंगरातली झाडं तोवर पानगळीने उघडी पडलेली. पालवीची वाट पाहण्यात माझा नंबर दुसऱ्याला गेला. पुन्हा अर्ज, पुन्हा रांग. चिडायचं तरी कुणावर? आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि मला तिथवर नेणाऱ्या हातांनीच तो पाला चुरला होता. धड रागावताही येत नाही, याचाच जास्त राग यायचा.

परवा आईचा फोन आला. "पानं आलीत बग झाडाला. कवा येतीस?"

"येते. पण पाल्याला तू हात लावायचा नाही. वाळेपर्यंत मी तिथंच राहणार."

"ऱ्हा की. तुजंच घर हाय." आणि वर म्हणाली, "पर लिंब न्हाई घातला आन कीड लागली, तर मला बोलायचं न्हाई."