बोलायचं नाही, विचारायचं

विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर म्हणून द्यायचं नाही, या बाबतीत माझ्या थोरल्या जाऊबाईंचा हात धरणारं माणूस अख्ख्या जयपुरात सापडलं नसतं. आमटीत मीठ घातलंय का, असं विचारलं तर त्या म्हणत, “कशावरून ठरवशील?” सोडाल्याच्या बाजारात भाजीवाल्या भैयाला त्यांनी एकदा एक किलो आणि पाव किलो अशा दोनच वजनांनी, एका खेपेत, पाऊण किलो भेंडी तोलायला लावली. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. पण पाव किलोचं वजन भेंडीच्या बाजूला टाकायचं हे सुचल्यावर तो भैया इतका खूश झाला, की पुढे येईल त्याला तेच कोडं घालू लागला.

ऐंशीच्या दशकात आमच्या दोघींचे यजमान रेल्वेच्या बदलीवर जयपुरात होते आणि आम्ही दोघी बनी पार्कातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होतो. माझ्याकडे तिसरी, जाऊबाईंकडे, म्हणजे आमच्या ताईंकडे, पाचवी. माझ्या तिसरीत विमला नावाची, इस्त्रीवाल्याची मुलगी होती. गणित फळ्यावर पुरतं उतरायच्या आत ती उत्तर सांगून मोकळी व्हायची आणि मग तास संपेपर्यंत वहीची पानं कुरतडत बसायची. हेडमास्तरांनी तिला थेट पाचवीत बसवायचं ठरवलं. म्हणजे ताईंच्याच वर्गात. दुसरी कुणी असती तर हुशार मुलगी मिळाली म्हणून खूश झाली असती, पण ताई म्हणाल्या, “डोकं बसेल हो पाचवीत. पण मधल्या सुट्टीत ती खेळेल कुणाशी?”

त्यावर त्यांनी काढलेला तोडगा ऐकून मला घाम फुटला. गणिताच्या तासाला आमचे दोन्ही वर्ग व्हरांड्यात एकत्र. चार-चार मुलांचे गट, आणि नियम एकच: ज्याला उत्तर आधी येईल त्यानं ते बोलायचं नाही, बाकीच्यांना पोचवेल असा प्रश्न विचारायचा. पहिल्या आठवड्यात विमलानं रागानं पाटी आपटून फोडली. तिचा बाप शाळेत आला. “बहनजी, लड़की को जवाब आता है, तो बोलने क्यों नहीं देतीं?” हेडमास्तरांनी इन्स्पेक्टरसाहेबांच्या भेटीपर्यंत मुदत दिली. साहेबांना पसंत नसेल तर विमला पाचवीत, आणि आम्हा दोघींना लेखी जाब.

साहेब आले ते नेमके विमलाच्या गटापाशी थांबले. गटापुढे गणित होतं: सहा जणांनी एकमेकांशी एकेक डाव खेळायचा, तर डाव किती? विमलाच्या डोळ्यांत उत्तर लगेच दिसलं. ओठ मात्र घट्ट मिटलेले. शेजारची कमला, तीही माझ्या तिसरीतलीच, म्हणाली, “तीस.” साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, हेडमास्तरांनी माझ्याकडे. मी न राहवून तोंड उघडणार, तोच ताईंनी माझं मनगट धरलं.

विमलानं हळूच विचारलं, “मैं तेरे साथ खेल ली, तो तू फिर मेरे साथ खेलेगी?”

कमला बोटांवर मोजत राहिली. तो वेळ संपता संपेना. मग ती म्हणाली, “पंद्रह.”

“तुझे पहले से आता था?” साहेबांनी विमलाला विचारलं.

“हाँ जी.”

“तो बोली क्यों नहीं?”

“इसको आ रहा था,” विमला म्हणाली.

साहेबांनी शेरा लिहिला: वेळ फार लागतो, वर्षअखेरपर्यंत चालू ठेवण्यास हरकत नाही. ते गेल्यावर ताई पायरीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

उन्हाळ्यात भावजींची बदली झाली आणि ताई गेल्या. नव्या पाचवीच्या बाईंना तो गलका नको होता, त्यामुळे वर्ग पुन्हा आपापल्या खोल्यांत गेले. विमला मात्र कमलाबरोबरच चौथीत गेली, एवढं झालं. आणि मी, मुलं विचार करत असली की मध्ये न बोलता उभं राहायला शिकले. त्या शांततेत ताईंची फार आठवण यायची.